वस्तू दाराकडे सरकतात : एका गाण्याची चित्रं ठरवताना

विद्यार्थ्यांच्या इलस्ट्रेशन आणि म्युझिक व्हिडिओच्या प्रकल्पांत पहिल्या बैठकीला आमच्यासमोर बहुतेक वेळा नुसता विषय येतो. ‘एकटेपणा’, ‘आठवणी’, ‘वाट पाहणं’ असं काहीतरी. विषयात वावगं काही नसतं, पण ‘वाट पाहणं’ एवढ्यावर कागदावर पहिली रेघ कुठे मारायची ते कळत नाही. मग हात आपोआप खिडकीशी बसलेली मुलगी काढायला लागतो. विषयाला क्रियापद मिळालं आणि त्या क्रियेला एक नियम लागला, की आम्ही तिला कल्पना म्हणतो. ‘खोलीतली प्रत्येक वस्तू दर मुखड्याला दाराच्या दिशेने थोडी सरकते’ ही कल्पना झाली. काय सरकतं, कधी सरकतं आणि कुठे, हे सगळं त्या एका वाक्यात आलं. शेवटही त्यातच दडलेला आहे : सगळ्या वस्तू दाराशी पोचल्या की त्यांच्याच ढिगाने दार अडतं, आणि जिची वाट पाहिली ती व्यक्ती आली तरी दार उघडत नाही.

हाच प्रकल्प नमुन्याला घेऊन पहिल्या बैठकीपासून फाइल सोपवेपर्यंतचं काम लिहितो आहोत. दोन विद्यार्थी, बरोबर तीन मिनिटांचं गाणं, सहा आठवडे, आणि त्याच कल्पनेवर छपाईसाठी चार चित्रांची मालिका. तुमचे आकडे वेगळे असतील, कामाचा क्रम फारसा बदलणार नाही.

गाणं हातात येताना

गाणं निवडलं की आधी परवानगी. एका ध्वनिमुद्रित गाण्यात दोन वेगळे हक्क असतात : शब्द आणि चाल यांचा एक, आणि त्या मुद्रणाचा दुसरा. गायकाने ‘वापर रे’ म्हटलं म्हणजे दोन्ही मिळाले असं होत नाही, कारण चाल दुसऱ्याची असू शकते. दोन्हींची लेखी संमती घ्यावी आणि तीत ‘वर्गात दाखवणं’ आणि ‘इंटरनेटवर टाकणं’ या दोन्ही गोष्टींचा स्पष्ट उल्लेख असावा. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याचं, म्हणजे ठरावीक अटींवर कुणालाही वापरू दिलेलं, गाणं घेताना पुष्कळजण ‘फुकट आहे’ एवढंच वाचतात. त्यात ‘नो डेरिव्हेटिव्ह्ज’ (रूपांतर करायचं नाही) अशी अट असेल तर ते गाणं व्हिडिओला चालत नाही. गाणं हलत्या चित्रांशी वेळेनुसार जुळवणं म्हणजेच रूपांतर, असं तो परवाना मानतो. ‘शेअरअलाइक’ असेल तर तुमचा व्हिडिओही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. हे शेवटच्या आठवड्यात कळलं तर सगळं काम अडकून पडतं.

फाइल वेव्ह स्वरूपातच मागावी. एमपीथ्री करताना सुरुवातीला किंचित शांतता जोडली जाते. एकाने एमपीथ्रीवर आणि दुसऱ्याने वेव्हवर काम केलं की दोघांच्या कामात एखाद्या फ्रेमचा (व्हिडिओतल्या एका स्थिर चित्राचा) फरक पडू शकतो, आणि तो का पडतो हे शोधण्यात एक संध्याकाळ जाते. गाण्याचा टेम्पो संगीतकाराकडूनच विचारून घ्यावा. सॉफ्टवेअरने मोजलेला टेम्पो कधीकधी दुप्पट किंवा निम्मा निघतो.

पहिलं ऐकणं डोळे मिटून, काहीही न लिहिता. दुसऱ्या वेळी कागदावर दोन रकाने करायचे : एकात गाण्यात येणाऱ्या किंवा सुचणाऱ्या वस्तू, दुसऱ्यात क्रियापदं. मग गाण्यात एकत्र न आलेली एक वस्तू आणि एक क्रिया जोडून पाहायची. ‘खुर्ची’ आणि ‘सरकणं’ अशीच भेटतात. अशा तीस जोड्या लिहिल्या तर पंचवीस टाकाऊ निघतात आणि ते तसंच असायला हवं. शब्दांशी चित्राचं नातंही याच टप्प्यावर ठरवावं. शब्द जे सांगतो तेच चित्राने दाखवायचं, की त्यात भर घालायची, की शब्दाच्या उलट जायचं? गाणं ‘ये ना’ म्हणतंय आणि वस्तू दार अडवतायत, म्हणजे आपण तिसऱ्या वाटेने चाललोय. ती वाट घेतली की प्रत्येक ओळीला चित्र शोधायची गरज उरत नाही. हे फार मोठं सुख आहे, कारण ओळीमागे चित्र जोडत गेलेल्या व्हिडिओत पाहणाऱ्याला पुढचं चित्र आधीच कळलेलं असतं.

गाण्याचा नकाशा

आमचं नमुन्याचं गाणं ९६ बीट प्रति मिनिटाचं आणि चार बीटच्या बारचं आहे. म्हणजे एक बीट ०.६२५ सेकंदाचा, एक बार अडीच सेकंदांचा, आणि तीन मिनिटांत ७२ बार. एका लांब पट्टीवर हे बार आखायचे आणि खाली वेळ लिहायची. सुरुवातीचं संगीत ४ बार, म्हणजे १० सेकंदांपर्यंत. पहिला अंतरा १६ बार, ५० सेकंदांपर्यंत. मुखडा ८ बार, १:१० पर्यंत. मधला म्युझिक पीस ४ बार, १:२०. दुसरा अंतरा १६ बार, २:००. पुन्हा मुखडा ८ बार, २:२०. मग ८ बार तालवाद्यं थांबतात आणि फक्त आवाज उरतो, २:४० पर्यंत. शेवटचा मुखडा ८ बार, ३:००.

प्रत्येक भागाखाली जोर १ ते ५ मध्ये लिहावा आणि शेजारी कानाला नेमकं काय ऐकू येतं ते : ‘इथे बास येतो’, ‘इथे दुसरा आवाज’, ‘इथे ढोल बंद’. या नकाशात सर्वांत मोलाची जागा २:२० ची. ताल थांबतो तिथे नियम मोडायचा. आधीच्या दोन मुखड्यांत वस्तू सरकल्या. आता सगळं स्तब्ध, आणि पहिल्यांदाच माणूस उठून एक खुर्ची मागे, तिच्या जुन्या जागी नेऊन ठेवतो. मग शेवटच्या मुखड्यात ती खुर्ची इतर सगळ्यांसकट परत दाराकडे. ही जागा कल्पना म्हणून कुणाला सुचली नव्हती, ती नकाशातच दिसली. गाण्याच्या रचनेत अशी एक तरी जागा सापडतेच, फक्त आधी आखायला हवं.

नकाशाचा दुसरा उपयोग फ्रेम रेट ठरवायला होतो. ९६ च्या टेम्पोला २४ फ्रेम प्रति सेकंद धरले तर एका बीटला बरोबर १५ फ्रेम येतात. २५ धरले तर १५.६२५, आणि बीटवर कट बसवताना सतत पुढेमागे करावं लागतं. १०० च्या टेम्पोला उलट, २५ ला १५ फ्रेम येतात आणि २४ ला १४.४. १२० ला २४ वर १२. गाणं ठरल्यावर हे गणित पाच मिनिटांत होतं, तरी बहुतेक प्रकल्प सॉफ्टवेअर जो रेट उघडताना देईल त्यावर सुरू होतात.

हाताने काढायचं अ‍ॅनिमेशन असेल तर आणखी एक पायरी. सवयीने सगळे एक चित्र दोन फ्रेम धरतात, सेकंदाला १२ चित्रं. पण १५ ला दोनाने भाग जात नाही, त्यामुळे एकाआड एक बीट चित्राच्या मधोमध पडतो आणि हालचाल तालाच्या जराशी मागे वाटते. एक चित्र तीन फ्रेम धरलं तर बीटला पाच चित्रं, बारला वीस, आणि प्रत्येक बीट नव्या चित्रावर येतो. सेकंदाला चित्रं ८ च लागतात. हालचाल थोडी खडबडीत दिसते, पण जड वस्तू ओढल्यासारख्या सरकायच्या असतील तर तोच खडबडीतपणा हवा असतो.

छोटे चौकोन

थंबनेल, म्हणजे प्रत्येक शॉटची छोटी कच्ची चित्रं, मोठे काढू नयेत. व्हिडिओसाठी साधारण ६ बाय ३.४ सेंटीमीटर, म्हणजे १६:९ चं प्रमाण सांभाळलं जातं. जाड मार्कर किंवा ४बी पेन्सिल. बारीक पेन दिलं की विद्यार्थी डोळ्यांच्या पापण्या काढतात आणि रचना तशीच राहते. प्रत्येक शॉटसाठी किमान पाच. पहिले दोन-तीन कुठेतरी पाहिलेल्या चित्रांचे असतात, ते काढून बाहेर टाकल्याशिवाय पुढचे येत नाहीत. मग तीनच छटा : पांढरी, मधली करडी, काळी. कागद भिंतीला लावून दोन मीटरवरून पाहायचा. दार कुठे आहे हे तिथून कळत नसेल तर रंग देऊनही कळणार नाही.

संदर्भचित्रं जमवताना आमचा एक आग्रह असतो. प्रत्येक चित्राशेजारी त्यातून घ्यायची एकच गोष्ट लिहायची : ‘सावलीची कड’, ‘बसण्याची ढब’, ‘फक्त हिरवा’. काहीच लिहिता आलं नाही तर ते चित्र फलकावरून काढायचं. नुसतं आवडलं म्हणून लावलेल्या तीस चित्रांच्या फलकातून शेवटी तिसाव्यांदा तेच चित्र तयार होतं. निम्मे संदर्भ स्वतः काढलेले फोटो असावेत. खरी खुर्ची ढकलून तिचे चार फोटो घेतले की कळतं, खुर्ची सरळ सरकत नाही, एका पायावर गिरकी घेत तिरकी जाते. दिव्याची वायर मागे ताणली जाते आणि मग एकदम सैल पडते. गालिचा सरकत नाही, त्याला वळी पडतात आणि वळी पुढे चालते. प्रत्येक वस्तूची चाल अशी वेगळी लिहून काढली तेव्हा या कल्पनेत खरा जीव आला.

वस्तूंची यादी वीसच्या आसपास होते, ठेवायच्या सात. कप, बूट, दिवा, खुर्ची, गालिचा, घड्याळ, कपाट. हलक्या वस्तू आधी निघतात, जड मागाहून : कप पहिल्या मुखड्यात, कपाट फक्त शेवटच्या. एवढ्याने क्रम आपोआप तयार होतो आणि पाहणारा कपाटाकडे बघत राहतो, हे कधी हलणार म्हणून.

दोघे चित्रं काढणार असतील तर पात्राचा आणि वस्तूंचा एक तक्ता आधी हवा. माणूस समोरून, तीनचतुर्थांश, बाजूने आणि पाठमोरा, उंची डोक्याच्या मापात मोजलेली. सातही वस्तू एकाच जमिनीच्या रेषेवर, माणसाशेजारी, खऱ्या प्रमाणात. रेघेची जाडी आणि रंगांचे नेमके आकडे त्याच पानावर. हा तक्ता नसला की तिसऱ्या आठवड्यात खुर्ची कपाटाएवढी झालेली असते.

हाताचा हिशोब

इथे उत्साह थोडा खाली येतो, पण प्रकल्प वाचतो तो इथेच. तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद. सेकंदाला ८ प्रमाणे १४४० चित्रं. एका चित्राला किती वेळ लागतो हे अंदाजाने सांगू नये. एक सेकंदाचं काम पूर्ण करून पाहावं : आठ चित्रं, रेघ, सपाट रंग, स्कॅन, फाइलला नाव, सॉफ्टवेअरमध्ये लावणं. घड्याळ लावून. विद्यार्थी पाच मिनिटं सांगतात, प्रत्यक्षात दहा-बारा निघतात, कारण स्कॅन आणि नाव देणं कुणी धरलेलं नसतं. १२ मिनिटं धरली तर १४४० चित्रांना २८८ तास. दोघांनी आठवड्याला प्रत्येकी २० तास दिले तर सहा आठवड्यांत मिळून २४० तासच आहेत, आणि त्यातले पहिल्या दोन आठवड्यांचे ८० नियोजनात जातात. उरले १६०.

म्हणून प्रत्येक शॉटला एक प्रकार द्यायचा. पूर्ण काढलेली हालचाल फक्त २० सेकंद : माणूस उठतो, खुर्ची मागे नेतो, शेवटी दार ढकलतो. ती १६० चित्रं. सहा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या हालचाली, प्रत्येकी दहा चित्रांचे. दहा चित्रं म्हणजे तीस फ्रेम, बरोबर दोन बीट, त्यामुळे लूप कितीही वेळा फिरवला तरी तालात राहतो. ती ६०. स्थिर चित्रातली रेघ जिवंत वाटावी म्हणून तेच चित्र तीनदा गिरवून आलटून पालटून दाखवायचं, अशी दहा दृश्यं, ३० चित्रं. ही झाली २५० चित्रं आणि ५० तास. वस्तूंचं सरकणं कागदी कात्रणांसारखं, प्रत्येक वस्तू एकदाच काढून सॉफ्टवेअरमध्ये हलवायची. ते काम आणि संकलन मिळून ६० तास. राहिली बारकाईने रंगवलेली स्थिर चित्रं, ज्यांवर कॅमेरा हळू फिरतो. ती बारा ठेवली तर प्रत्येकी तीन तासांप्रमाणे ३६ तास, आणि एकूण १४६. हातात फक्त १४ तास उरतात, जे एका स्कॅनरच्या बिघाडात संपतात. बाराची आठ केली की एकूण १३४ होतात आणि २६ तास सुटतात. त्याच आठांतली चार छपाईच्या मापाने काढायची, म्हणजे मालिकेसाठी वेगळा वेळ शोधावा लागत नाही.

चित्रं कमी केल्याने व्हिडिओ गरीब दिसेल अशी भीती सगळ्यांना वाटते. आमचा अनुभव ठामपणे उलट आहे. सगळीकडे सारखी हालचाल असली की डोळा थकतो. दीड मिनिट जवळपास स्थिर खोली पाहिल्यावर माणूस उठतो तेव्हा त्या उठण्याला वजन येतं.

कागदावर काढणार असाल तर मापं आधी पक्की करा. ए४ आडव्या कागदावर २४ बाय १३.५ सेंटीमीटरची चौकट सोयीची, भोवती पकडायला जागा राहते. पण ती २०० डीपीआयने (इंचाला २०० ठिपके) स्कॅन केली तर रुंदी १८९० पिक्सेल येते, १९२० ला जेमतेम कमी पडते आणि प्रत्येक चित्र ताणावं लागतं. ३०० ने २८३५ येते, मग थोडं जवळ जाता येतं. कॅमेरा दीडपट जवळ न्यायचा असेल तर किमान २८८० बाय १६२० हवं. चित्रं एकमेकांवर बरोबर बसावीत म्हणून पेग बार, म्हणजे भोकं पाडलेले कागद अडकवायची खुंट्यांची पट्टी, वापरावा. तो नसेल तर प्रत्येक कागदाच्या चार कोपऱ्यांत अधिकची (+) खूण करून त्या खुणा सॉफ्टवेअरमध्ये जुळवाव्यात. स्कॅनरचा ‘आपोआप सुधारणा’ हा पर्याय बंद ठेवायचा, नाहीतर प्रत्येक कागदाचा पांढरा वेगळा येतो आणि व्हिडिओ लुकलुकतो.

अ‍ॅनिमॅटिक

थंबनेलचे फोटो काढून नकाशाप्रमाणे गाण्यावर लावले की अ‍ॅनिमॅटिक तयार. एकही चांगलं चित्र काढण्याआधी तीन मिनिटं पूर्ण भरलेली असावीत. काळा पडदा ठेवून ‘इथे नंतर काहीतरी’ असं चालत नाही, कारण तिथे नंतरही काहीच येत नाही.

या कल्पनेत अ‍ॅनिमॅटिकने एक गोष्ट स्पष्ट दाखवली. पहिल्या मुखड्यात कप आणि बूट चौकटीच्या रुंदीच्या विसाव्या भागाने सरकतात, मध्ये दुसरा शॉट येतो, आणि परत खोली दिसते. पाहणाऱ्यांपैकी कुणालाच फरक जाणवत नाही. मध्ये कट आला की जागा बदललेली वस्तू डोळ्याला सापडत नाही, हा माणसाच्या नजरेचाच गुण आहे. यावर उपाय तीन, आणि तिन्ही लागतात. एक, खोलीचा तो शॉट दर वेळी तंतोतंत त्याच कोनातून. दोन, सरकणं प्रत्यक्ष घडताना एकदा तरी जवळून दाखवायचं. तीन, मागे खूण राहायला हवी : धुळीत ओरखडा, घड्याळ होतं तिथे भिंतीवर फिकट गोल, गालिच्याखालच्या जमिनीचा वेगळा रंग. खुणा आल्या आणि कल्पना समजावून सांगायची गरजच संपली. दुसऱ्या मुखड्यापर्यंत खोलीभर ओरखडे दिसतात आणि सगळ्यांची टोकं दाराकडे असतात. चार चित्रांच्या मालिकेलाही या खुणांनीच हात दिला. स्थिर चित्रात सरकणं दाखवता येत नाही, पण सरकून गेल्याची खूण दाखवता येते.

अ‍ॅनिमॅटिक दाखवताना आधी काही बोलू नये. ‘आवडलं का?’ असं विचारलं तर ‘छान आहे’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी ‘काय बदलत गेलं?’, ‘ते कितव्या मिनिटाला लक्षात आलं?’ आणि ‘शेवटी दार का उघडलं नाही?’ असं विचारावं. उत्तरं शब्दशः लिहून घ्यावीत. तिघांनी मुखड्याऐवजी अंतऱ्यातला क्षण सांगितला तर गडबड तिथे आहे. कट नेमका बीटवर ठेवला की पुष्कळदा उशिरा आल्यासारखा वाटतो, एक-दोन फ्रेम आधी आणून पाहावा. आणि प्रत्येक बीटवर कट तर मुळीच नको. ताल कानाला ऐकू येतोच आहे, डोळ्याने तो पुन्हा मोजायची आवश्यकता नसते. खुर्चीची एक गिरकी स्नेअर ड्रमच्या ठोक्यावर बसली की आठ बार पुरते.

काही गट माणूस कॅमेऱ्याने घेतात आणि खोली चित्रांची ठेवतात. त्यांच्यासाठी थोडक्यात. गाण्याच्या आधी चार टिचक्यांचा एक बार जोडलेली प्लेबॅक फाइल तयार ठेवा, गाणाऱ्याला सुरुवात पकडता येते आणि संकलनात जुळवणीही सोपी जाते. प्लेबॅकचा आवाज कॅमेऱ्याच्या माइकवर मुद्रित होऊ द्या, तो नंतर जुळवणीलाच लागतो. ओठ खरोखर गात असावेत, नुसते हलले तर गळ्याच्या शिरा खोटं बोलतात. पूर्ण गाणं दूरचं, मधलं आणि जवळचं अशा तीन अंतरांवरून, प्रत्येकी तीनदा घेतलं तर कच्चं चित्रण २७ मिनिटांचं होतं, पण दिवे हलवण्यात अर्धा दिवस जातो हे धरून चला. किंचित तरंगती चाल हवी असेल तर गाणं सव्वापट वेगाने, म्हणजे १२० च्या टेम्पोने वाजवून ३० फ्रेमवर घ्या आणि २४ वर चालवा. ओठ मूळ गाण्याशी जुळतात. फोनने चित्रण केलं असेल तर त्याचा फ्रेम रेट पुष्कळदा आतल्या आत बदलत असतो, म्हणून संकलनाआधी सगळ्या क्लिप स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या, नाहीतर दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत ओठ घसरतात. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे शटर १/५० ठेवा, ६० हर्ट्झला १/६०. ट्यूब आणि स्वस्त एलईडीचे पट्टे पडदाभर फिरतात ते इथे चूक झाल्यामुळे.

चार चित्रं छपाईला

मालिकेत तेच चार शॉट जसेच्या तसे छापले तर ती व्हिडिओतून उचललेली चित्रं वाटतात. व्हिडिओत काळ गाण्याने दिलेला असतो. चित्रात तो पाहणाऱ्याची नजर कोणत्या वाटेने फिरते त्यावर ठरतो. म्हणून प्रत्येक चित्रात ओरखडे वाटेसारखे वापरले : नजर खालच्या डाव्या कोपऱ्यातून कपाकडे, कपाकडून दाराकडे. चौथ्या चित्रात ढीग आणि बंद दार, ओरखड्यांची वाट संपलेली. कोणता क्षण पकडायचा यावर बराच वाद होतो. धक्का लागण्याआधीचा, लागतानाचा की नंतरचा? मालिकेत तिन्ही येऊ शकतात, पण सलग दोन चित्रं एकाच जातीच्या क्षणाची नकोत.

माप ए४ आडवं, भोवती ३ मिलिमीटर ब्लीड (छापून नंतर कापली जाणारी जादा कड), म्हणजे ३०३ बाय २१६ मिलिमीटर. ३०० डीपीआयला ३५७९ बाय २५५१ पिक्सेल. यातून १६:९ ची चौकट कापली तर तिची उंची साधारण १७० मिलिमीटर येते, वरखाली मिळून ४६ मिलिमीटर फक्त छपाईत दिसतात. तिथे छत आणि जमीन वाढवायची, महत्त्वाची वस्तू ठेवायची नाही. कडेपासून आत किमान ५ मिलिमीटर मोकळे ठेवा, कापताना पातं सरकतं. पडद्यावरचा लखलखीत निळा आणि पोपटी हिरवा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार रंगांत, मंद पडतो. हे छापून आल्यावर पाहण्यापेक्षा रंग निवडतानाच सॉफ्टवेअरमध्ये छपाईची झलक लावून ठेवावी. दिव्याचा पिवळा आणि सावलीचा जांभळट करडा निवडला, कारण ते दोन्हीकडे जवळपास सारखे राहतात. छापखान्याने स्वतःचं रंगांचं प्रोफाइल दिलं असेल तर तेच वापरायचं.

प्रक्रियेची वही यासोबत द्यावी लागते, आणि तिचे गुणही बरेच असतात. शेवटच्या रात्री जुनी थंबनेल नव्याने काढून वही सजवणारे असतात, ते लगेच ओळखू येतं : सगळ्या पानांवर एकच पेन. त्यापेक्षा टाकलेल्या प्रत्येक कल्पनेपाशी त्याच दिवशी दोन ओळी लिहाव्यात, का टाकली. ‘खिडकी काढली, कारण दार आणि खिडकी दोन्ही असल्यावर वस्तू कुठे चालल्यात ते कळत नव्हतं.’ असं एक वाक्य सुंदर रंगवलेल्या पानापेक्षा जास्त सांगतं.

फाइल बाहेर काढण्याआधी शेवटचा मुखडा फ्रेम फ्रेम करून पाहा. दिवा हेलकावताना तिथे उजेड-अंधार भराभर बदलतो. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत, काहींना त्याने अपस्माराचा झटका येऊ शकतो. श्रेयनामावलीत गाण्याच्या परवान्याची ओळ परवानगीपत्रात दिली असेल तशीच हवी. आवाज ४८ किलोहर्ट्झ, चित्र २४ फ्रेम, सुरुवातीला आणि शेवटी एक-एक सेकंद काळं. मग सोपवलेली फाइल स्वतःच परत उतरवून घ्या आणि दुसऱ्या यंत्रावर पहिल्या फ्रेमपासून शेवटच्यापर्यंत पाहा. अर्धवट चढलेल्या फाइलचं पहिलं मिनिट अगदी नीट चालतं, तुटतं ते शेवटी, नेमकं दाराशी.